हिरवा बुधवार

"माझा अंदाज बरोबर आला, तर पुढच्या वर्षीचे विषय माझे मी निवडायचे. आहे कबूल?"

प्रश्न खरं तर तिचा नव्हता. बसथांब्यावर तिघी मैत्रिणींनी तो तिच्या तोंडात घालून दिला होता. शाळेत वाघीण आणि घरी शेळी, असं चष्मेवाली म्हणाली. उंच मैत्रिणीने मुदत घातली, आज दुकान बंद व्हायच्या आत विचारायचं, नाहीतर उद्यापासून मधल्या सुट्टीत वेगळं बसायचं. तिसरीने फक्त शेळीसारखं ओरडून दाखवलं. या तिसरीमुळेच काम झालं.

महिन्याभरापूर्वी हा प्रश्न विचारायची तिची टाप नव्हती. पण मधे एक गोष्ट घडली होती. शाळेच्या उपाहारगृहातली रांग तिने दोन आठवडे वहीत मोजली, कुठल्या वाराला कितव्या मिनिटाला किती डोकी, आणि मग वर्गात जाहीर केलं की गुरुवारी घंटेनंतर बरोबर अकराव्या मिनिटाला निघा, उभं राहावं लागणार नाही. नाही लागलं. तेव्हापासून वर्ग तिला विचारून भुकेजत होता, आणि ती जमिनीपासून साधारण चार बोटं वर चालत होती.

घरचा प्रश्न असा होता की रंगाचं दुकान चालवायला चौथ्या पिढीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं. पणजोबांनी चुन्याच्या बादलीवर सुरू केलेल्या या दुकानाला आता तीन शटर होती, आणि बाबांच्या मनात तिसऱ्या शटरमागची खुर्ची तिच्या नावाने कधीच लागली होती. म्हणून तिने व्यापाराचे विषय घ्यायचे. तिला गणित आणि संख्याशास्त्र हवं होतं. विषयांचा अर्ज एका सोमवारी शाळेत द्यायचा होता आणि तो सोमवार महिन्यावर आला होता.

तिने विचारलं तेव्हा बाबा दुकानात डब्याच्या झाकणावर रबरी हातोडा मारत होते. हातोडा वरच राहिला. आईने विचारलं, अंदाज कसला? आणि मग तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. नऊ वर्षांनी घरची सहल ठरत होती, सगळ्यांनी मिळून थीम पार्कला जायचं होतं. तिथे कुठल्या दिवशी किती गर्दी असेल याचे अंदाज देणारं एक संकेतस्थळ तिने शोधलं होतं. ती दिवस सांगेल. त्या दिवशी कुणालाही कुठल्याही रांगेत अर्ध्या तासाच्या वर उभं राहावं लागलं नाही, तर ती जिंकली.

नऊ वर्षांपूर्वीच्या सहलीचं नाव निघताच काका आणि आत्या यांनी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या दिशांना पाहिलं. त्या सहलीत काका पाणी आणायला म्हणून रांग सोडून गेला होता आणि परत आला तेव्हा सगळ्यांचा नंबर निघून गेला होता. त्यानंतर ही दोन सख्खी भावंडं पाच महिने एकमेकांशी आईमार्फत बोलत होती, म्हणजे तिच्या आईमार्फत, जी बिचारी या घरात लग्न करून आली होती, टेलिफोन खात्यात नोकरीला लागली नव्हती. या घराण्यात रांग आणि भांडण यांचं गणित पक्कं होतं. वीस मिनिटांनी टोमणा, चाळीस मिनिटांनी जुना विषय, आणि तासाने लहानपणी लाड कुणाचे जास्त झाले.

"अर्धा तास," बाबा म्हणाले. "आपल्या घरात. बरं. कबूल."

ते इतक्या पटकन कबूल झाले याचा तिने त्यावेळी अभिमान बाळगला. तिच्यावरचा विश्वास वाटला तिला तो.

पुढचे चार दिवस तिने शाळेच्या अभ्यासाला केली नसती एवढी मेहनत केली. संकेतस्थळावर प्रत्येक दिवसाला एक ते दहा असा आकडा दिलेला असे. शाळांच्या सुट्ट्या, हवामान, मागच्या वर्षांची गर्दी, सगळं धरून. तिने मागच्या चौदा दिवसांचे आकडे, लोकांनी टाकलेल्या तिथल्या रांगांच्या वेळेच्या पाट्यांच्या फोटोंशी ताडून पाहिले. बारा बरोबर निघाले. इथवर ती शास्त्रज्ञ होती. इथून पुढे ती कलावंत झाली.

रंगवाल्यांच्या घरात आकडे कशाला, असा विचार तिच्या मनात आला आणि तिला तो फारच आवडला. दुकानातल्या जुन्या शेडकार्डांच्या पट्ट्या तिने कापल्या. मोकळ्या दिवसांना 'कोवळं पान', गर्दीच्या दिवसांना 'जुनी वीट'. तीस चौकोनांवर तीस तुकडे खळीने चिकटवले. प्रत्येक तुकड्याखाली बारीक अक्षरात शेडचा नंबर छापलेला होता, तो दिसायला बरा दिसेना म्हणून कात्रीने उडवला. संकेतस्थळाचे आकडेही लिहिले नाहीत. तक्ता असा देखणा झाला की तिने त्याचे सहा फोटो काढले आणि तिन्ही मैत्रिणींना तिन्ही कोनांतून पाठवले.

आत्याने तो पाहिला आणि तिचं नाव 'वेधशाळा' ठेवलं. आत्या दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते. दिवसभर लोकांना "बसा, बोलावते" म्हणणं हा तिचा व्यवसाय, आणि स्वतः तीन मिनिटं थांबायची वेळ आली की तिच्या दाढा दुखतात. तिला नऊ तारीख हवी होती, दवाखाना बंद असतो म्हणून. नऊ विटेची होती. काकाला शुक्रवार हवा होता. सगळे शुक्रवार विटेचे होते. नऊ वर्षांत ज्यांचं एकमत झालं नव्हतं अशी ही दोघं त्या संध्याकाळी एका बाकावर बसून म्हणाली की पोरीने कागदाला रंग फासलाय आणि घर तिच्या तालावर नाचतंय. आई तिच्या बाजूने बोलली. बाबा कुणाच्याच बाजूने बोलले नाहीत, ते पैजेत पक्षकार होते.

शेवटी आजोबांनी हात पुढे केला. दुकानात आणि घरात शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी तक्ता घेतला, चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं, घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं, सतरा तारीख, बुधवार, तिकिटं काढली. तिकिटं परत होत नाहीत.

बुधवार म्हटल्यावर सगळ्यांना पटलं. आठवड्याच्या मधला दिवस, कोण कशाला येतंय. आणि तिने? वेधशाळेने पुन्हा संकेतस्थळ किंवा तक्त्याचा फोटो उघडून सतरा तारीख पाहिली का? नाही पाहिली. ज्योतिषी स्वतःची पत्रिका बघत नाही. ती त्या वेळी मैत्रिणींना लिहीत होती की हिरवा दिवस मिळाला, आता अर्जात काय लिहायचं ते लिहिते.

सतरा तारखेला काकाने दुकानाची व्हॅन पार्कच्या वाहनतळात वळवली तेव्हा डाव्या बाजूला बस उभ्या होत्या. तिने मोजायला सुरुवात केली, सवयच तशी. सात. अकरा. पंधराव्या बसमधून पिवळ्या टोप्या घातलेली मुलं उतरत होती, उतरतच होती, जणू ती बस आतून विहिरीसारखी खोल होती.

"बस रिकाम्याही असतात कधी कधी," ती म्हणाली.

हे वाक्य आत्याने दिवसभरात नऊ वेळा वापरलं.

दारातून आत जायला पन्नास मिनिटं लागली. म्हणजे पैज आत पाऊल टाकण्याआधीच गेली होती, पण तिने मनातल्या मनात नियम बदलला, दाराची रांग ही राइडची रांग नव्हे. बाबांनी घड्याळ पाहिलं आणि भल्या माणसासारखं बाही खाली ओढून ते झाकलं. पाण्याच्या घसरगुंडीवर पाटी होती, पंच्याण्णव मिनिटं. भुताच्या घराबाहेर एकशे दहा. भुतं बाहेर येऊन उभी राहिली असती तरी त्यांना जागा मिळाली नसती. सगळ्यात कमी रांग जहाजाच्या झोक्याला होती, सत्तर, म्हणून तिथे उभे राहिले. आजोबांच्या गुडघ्यांना तेवढं उभं राहणं झेपणार नव्हतं. ते समोरच्या झाडाखाली बाकावर बसले, हातात आइस्क्रीमचा कप.

लोखंडी कठड्यांची नागमोडी वाट होती. तिसऱ्या वळणावर आत्याचा पहिला टोमणा आला. आज आकाश निरभ्र असं वेधशाळेने सांगितलं म्हणजे छत्री आणायला हवी होती. सहाव्या वळणावर काका म्हणाला, पाणी घेऊन येतो. आई एकदम म्हणाली, नको, कुणी कुठे जायचं नाही. पण शब्द तोंडातून निघाला होता. आत्या म्हणाली, जा की, तुझी जुनी सवय आहे. काका म्हणाला, नऊ वर्षं झाली. आत्या म्हणाली, मला तारीखही पाठ आहे. बाबा मधे पडले, आणि या घरात मधे पडणाऱ्याचं जे होतं ते त्यांचं झालं. दोघंही त्यांच्यावर उलटली, की तू कायम असाच, धड इकडे ना धड तिकडे, आईचा लाडका. आणि हे सगळं पंचेचाळिसाव्या मिनिटाला. अंदाजात तासाचा आकडा होता. तिचा हाही अंदाज चुकला.

मागच्या पिवळ्या टोप्या अगदी गप्प होऊन ऐकत होत्या. त्यांना तिकिटात दोन खेळ मिळाले होते.

ती कठड्याखालून वाकून बाहेर पडली आणि सरळ आजोबांच्या बाकाकडे गेली. तिला एकच पाहायचं होतं. मागचे बारा दिवस बरोबर आले, मग हा का चुकला?

"आजोबा, तक्ता आणलाय का तुम्ही?"

आणला होता. सदऱ्याच्या खिशातून चार घड्यांचा कागद निघाला. तिने तो मांडीवर उलगडला आणि सतरावर बोट ठेवलं. जुनी वीट. भाजून, पावसात भिजून, पुन्हा वाळलेली लाल वीट. तिचा अंदाज चुकला नव्हता. तो बस आणि टोप्यांसकट तंतोतंत खरा ठरला होता.

"आजोबा, तुम्ही सतरा का घेतली?"

"सोळाला दुकानात माल यायचा होता." ते कागदावर वाकले. "सोळा, सतरा, दोन्ही हिरवे. मग म्हटलं सतरा घेऊ."

ते थट्टा करत असतील असं तिला वाटलं. ती हसायच्या बेतात होती. पण आजोबांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, आइस्क्रीम होतं.

"आणि अठरा?" तिने हळूच विचारलं.

"अठरा पण."

अठरा विटेची होती. "आणि बावीस?"

बावीसच्या चौकोनावर त्यांचं बोट थांबलं. तिच्या आवाजात काहीतरी बदललेलं त्यांनी ऐकलं असावं. बोट तसंच राहिलं, आणि ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "किती चुकले?"

मग तिला एकेक आठवायला लागलं. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा घेऊन यायचं, अगदी असाच रंग हवा म्हणायचं, आणि आजोबा तो पोपडा आणि शेडकार्ड जो कुणी जवळ असेल त्याच्या हातात द्यायचे. तू सांग नंबर. सगळ्यांना वाटायचं, म्हातारा पोरांना शिकवतोय. तीही सहाव्या वर्षापासून नंबर सांगत आली होती आणि बक्षीस म्हणून गोळी खात आली होती. डोळ्यावर जाऊ नका, नंबरावर जा, हे त्यांचं वाक्य बाबांनी चौकटीत लावून गल्ल्यामागे टांगलं होतं. पन्नास वर्षांत त्यांच्या हातून एकही डबा चुकीचा गेला नव्हता, आणि त्या पन्नास वर्षांत त्यांनी एकही डबा डोळ्यांनी ओळखला नव्हता.

"तुझ्या आजीला माहीत होतं," ते म्हणाले. "मोजे तीच जोडून ठेवायची. माझ्या वडिलांना कळलं असतं तर मला दुकानात उभं केलं नसतं. मग सांगायचं राहूनच गेलं." कागदाची कडा चाचपून म्हणाले, "तू नंबर काढून टाकलेस गं. नंबर असते तर मी वाचलं असतं."

रंगांधत्वाचा धडा तिने जीवशास्त्रात केला होता. आकृतीसह. पाचपैकी पाच गुण होते. दर बारा पुरुषांमागे साधारण एक, हे तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, आणि त्या बारांमधला तो एक रोज संध्याकाळी तिच्या समोर बसून चहा पितो हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. संकेतस्थळाने आकडा दिला होता. शेडकार्डाने नंबर दिला होता. दोन्ही तिने स्वतःच्या हाताने काढून टाकले होते, का, तर छान दिसेना.

तेवढ्यात कठड्याकडून आत्या येताना दिसली. मागोमाग आई आणि बाबा. रांग सोडलेली दिसत होती, काका मात्र जिद्दीने एकटाच आत उभा होता, या वेळी जागा न सोडण्याची शपथ घेतल्यासारखा.

"आण तो कागद," आत्या लांबूनच हात पुढे करून म्हणाली. "बघू दे तरी तुझं कोवळं पान कुठे उगवलंय आज."

आजोबांचा हात बाकाच्या कडेवर घट्ट झाला. बाबा पाच पावलांवर होते. हा कागद नुसता त्यांच्यापुढे धरायचा होता. बघा, सतरा लाल आहे. मी बरोबर होते. सोमवारी गणित. एक शब्द जास्त बोलायची गरज नव्हती. आणि मग आत्याने विचारलं असतं, मग आप्पांनी, म्हणजे आजोबांनी, सतरा काढली कशी? आत्याच्या तोंडून तो प्रश्न वाहनतळापर्यंत ऐकू गेला असता, उद्या दवाखान्यात आणि परवा दुकानात, जिथे वाक्य चौकटीत टांगलेलं आहे.

आजोबांचं आइस्क्रीम वितळून बाकावर सांडलं होतं. तिने तक्ता चुरगळला आणि त्याने बाक पुसून काढला. चार दिवसांची मेहनत, सहा फोटोंचा विषय, गुलाबी लगदा झाला.

"माझ्या तक्त्यात चूक होती, आत्या," ती म्हणाली. "बनवतानाच केली मी. आजोबांनी तिकिटं त्यावरच काढली."

आत्याचा हात तसाच हवेत राहिला. भांडायला आलेल्या माणसाला समोरच्याने कबुली दिली की त्याची फार पंचाईत होते. ती काहीतरी म्हणणार होती, पण मग आजोबांकडे पाहून तिने पिशवीतून रुमाल काढला आणि त्यांचे हात पुसायला बसली. पुसता पुसता म्हणाली की निदान बाकावर सावली आहे, हा अंदाज कुणी केला होता? कुणीच केला नव्हता.

आई कबुली ऐकून तिच्याकडे बघत राहिली. तिने पोरीला आजवर चूक कबूल करताना पाहिलं नव्हतं, चूक समजावून सांगताना पुष्कळदा पाहिलं होतं.

जहाजाच्या झोक्यात शेवटी एकटा काका बसला. त्याने वरून हात केला, आणि आत्यानेही नाइलाजाने केला.

संध्याकाळी सगळे व्हॅनकडे निघाले तेव्हा आजोबा मुद्दाम मागे राहिले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून चालू लागले. म्हणाले, मी सांगतो तुझ्या बापाला. पैज तू जिंकलीस.

"तुम्हाला सांगायचं असेल तेव्हा सांगा," ती म्हणाली. "पण माझ्या पैजेसाठी नको. आणि जिंकले कसली, आजोबा. ज्याने तिकिटं काढायची त्यालाच वाचता येत नाही असा तक्ता केला मी. त्याला अंदाज नाही म्हणत, सजावट म्हणतात."

आजोबांनी तिच्या खांद्यावर जरा जास्त भार टाकला, तेवढंच.

व्हॅनमध्ये काका आणि आत्या पुढे बसले आणि पाणी कुणाच्या बाटलीत उरलंय यावर अगदी हळू आवाजात बोलू लागले. नऊ वर्षांत एवढ्या हळू आवाजात ती दोघं बोलली नव्हती. आजोबा मधल्या बाकावर डोळे मिटून बसले. ती, आई आणि बाबा अजून बाहेरच होते, मागच्या दारापाशी पिशव्या चढवत.

बाबा विजयी दिसत नव्हते. खरं तर ते जरा ओशाळलेले दिसत होते, लहान मुलाशी बुद्धिबळ जिंकलेल्या माणसासारखे. हातातली पिशवी आत सरकवून ते म्हणाले की दिवस काही अगदीच वाया गेला नाही, आणि पैज म्हणजे पैज, पण त्यात वाईट वाटून घेऊ नकोस, दुकानातही गणित लागतंच की. अर्ज सोमवारी मिळून भरू.

"पैज हरले, बाबा," ती म्हणाली. "मान्य आहे. तुमच्याशी पैज लावली हेच माझं चुकलं. ती मैत्रिणींनी सांगितली म्हणून लावली होती."

"बरं मग," बाबा म्हणाले.

"मग मी गणित आणि संख्याशास्त्र घेणार आहे."

आईने पिशवी खाली ठेवली. "अगं, पण तुझा अंदाज चुकला ना? तूच म्हणालीस."

"चुकला म्हणूनच. का चुकला ते आज कळलं मला. पुढच्या वेळी चुकू नये म्हणून काय करायचं ते नाही माहीत, ते शिकायचंय. एखादी गोष्ट मोजणं वेगळं आणि ती समोरच्याला समजेल अशी मांडणं वेगळं, आणि मला दुसरं अजिबात येत नाही." आईने खाली ठेवलेली पिशवी तिने उचलून आत सरकवली. "दुकानाचं म्हणाल तर शाळा सुटल्यावर मी येईन. रोज येईन, आजोबांशेजारी उभी राहीन. पण विषय हेच."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने बाबांकडे पाहिलं. व्हॅनच्या आत कुणीतरी खोकलं, आणि ते झोपलेल्या माणसाचं खोकणं नव्हतं.

"म्हणजे तू आता आम्हाला विचारते आहेस का?" बाबांनी सावधपणे विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "सांगते आहे. अर्जावर दोघांच्या सह्या लागतील. सोमवारी आठच्या आत."